नव्या ट्रकचालकाची पहिली कंपनी

अवजड वाहनाचा परवाना नुकताच हाती पडलेल्या उमेदवाराने ज्या मालवाहतूक कंपनीत प्रथम रुजू व्हावयाचे, तिची निवड केवळ पगाराच्या आकड्यावरून करू नये. कारण चालकाच्या बऱ्यावाईट सवयी पहिल्या वर्षातच अंगवळणी पडतात.

म्हणून पहिली चौकशी शिकवणीची करावी. अनुभवी चालकाच्या शेजारी बसवून, कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये न टाकता, खालच्या गिअरात, ब्रेक तापू न देता कशी उतरवावी, हे जी कंपनी धीराने शिकविते, ती पगार थोडा कमी देत असली तरी पत्करावी.

दुसरी चौकशी दस्तऐवजांची. फिटनेस, विमा व परमिट यांच्या मुदती स्वतः पाहाव्यात, आणि वजनकाट्याची पावती बिल्टीशी ताडून पाहण्याची मुभा आहे काय, हे विचारावे. कारण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला असून, तो कोणी भरावयाचा हे आधीच ठरलेले बरे.

तिसरी चौकशी विश्रांतीची. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सामान्यतः दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विसावा हे प्रमाण घालून दिले. ते ज्या मालकास अडगळ वाटते, त्याच्या गाडीवर चढू नये.

खुराकी, टोल व उचल यांचा हिशेब लेखी ठेवावा, आणि मूळ परवाना कोणाकडेही तारण ठेवू नये.