संगणकाचा परकायाप्रवेश

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० या कार्यप्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याची नेहमीची मुदत मायक्रोसॉफ्टने संपविली, आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांतील शाळा, पतसंस्था, छापखाने, कृषी सेवा केंद्रे व घरे यांत वर्षानुवर्षे निमूटपणे राबणाऱ्या कित्येक संगणकांना एक चमत्कारिक अवस्था प्राप्त झाली: यंत्र धडधाकट, परंतु त्यावर अंमल चालविणारी व्यवस्था बेवारस. काही अटींवर आणखी एका वर्षाची सवलत मिळेल अशी तजवीज कंपनीने ठेवली होती हे खरे. तथापि पुढची पायरी म्हणून जी विंडोज ११ तिने पुढे केली, तिच्या अटी अशा कडक, की टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१७-१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर अंगी नसलेल्या यंत्राला ती अधिकृतपणे दारातही उभे करीत नाही. अशा वेळी बाजारपेठेतील दुकानदाराकडे जावे, तर तो एक तर नवा संगणक घेण्याचा सल्ला देतो, नाही तर ‘फॉरमॅट मारून देतो’ असे म्हणून जी विंडोज टाकून देतो तिच्या परवान्याची चौकशी न करण्यातच उभयतांचे हित असते.

या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य असे, की तो पत्करण्यापूर्वी कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, काही जीबीची एक फाइल आणि अर्धा तास एवढ्या सामग्रीवर दुसरी एखादी कार्यप्रणाली (बोलण्यात जिला सारेजण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती) त्याच संगणकावर प्रत्यक्ष चालवून पाहता येते, आणि आवडली नाही तर यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह काढून घेतला, की जुनी विंडोज आपल्या चित्रांसह, हिशेबांसह आणि आपल्या सर्व दोषांसहही, होती तशी पुन्हा उभी राहते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी संगणकाचे बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंतच्या काही क्षणांकडे पाहावे लागते. त्या क्षणांत विंडोज कुठेच नसते. असतो तो यंत्राच्या मुख्य पटलावरील चिपमध्ये साठविलेला एक छोटा कार्यक्रम, ज्याला पूर्वी बायोस म्हणत आणि आता यूईएफआय म्हणतात. स्मृती, कळफलक, डिस्क जागेवर आहेत की नाहीत याची तो हजेरी घेतो, आणि मग ठरवून दिलेल्या क्रमाने एकेका साधनाकडे जाऊन विचारतो, की यंत्राचा कारभार हाती घेईल असा कोणी तुझ्यापाशी आहे काय. पहिला जो होकार देईल त्याच्या हाती सूत्रे सोपवून हा कार्यक्रम बाजूला होतो. त्याला विंडोजविषयी ना आस्था ना आकस. रोज तिच्याच हाती सूत्रे जातात याचे कारण एवढेच, की त्याच्या यादीत अंतर्गत डिस्कचा क्रम पहिला असतो. यादीत पेन ड्राइव्हला अग्रक्रम दिला, आणि त्या पेन ड्राइव्हवर कारभार घेण्यास समर्थ असा लेखी ऐवज असला, की त्या दिवसापुरते राज्य बदलते.

पुणतांब्याला चांगदेवांची समाधी ज्या जिल्ह्यात आहे, तेथील वाचकांना योगसिद्धींच्या कथा नव्याने सांगण्याचे कारण नाही. अमरुक राजाच्या देहात शंकराचार्यांनी प्रवेश केला, तेवढा काळ राजाच्या हातांनी, राजाच्या डोळ्यांनी ते वावरले आणि कार्य आटोपताच परतले, अशी आख्यायिका आहे. पेन ड्राइव्हवरची कार्यप्रणाली संगणकात नेमके हेच करते. प्रोसेसर, पडदा, कळफलक हा सारा देह ती वापरते, परंतु डिस्कवर निजलेल्या मूळ धन्याला ती आपण होऊन स्पर्श करीत नाही. तिचा स्वतःचा संसार पेन ड्राइव्हवर घट्ट दाबून ठेवलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या एका संग्रहात असतो. आपण जे लिहितो, बदलतो, उतरवून घेतो ते सर्व यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, मांडले जाते, आणि वीज जाताच नाहीसे होते. भारनियमनाच्या प्रदेशात हे वाक्य धमकीसारखे वाटेल, म्हणून सांगतो: वीज गेल्याने बुडते ते फक्त त्या बैठकीतले काम. एखादे पत्र जपावयाचे असेल, तर ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा आपल्या ईमेलवर ठेवावे.

ही युक्ती पहिल्याने लोकप्रिय केली ती जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी. त्यांची क्नॉपिक्स ही २००० सालापासूनची, सीडीच्या चकतीवरून चालणारी लिनक्स (म्हणजे विंडोजहून निराळी, मुक्त परवान्याची कार्यप्रणाली) होय. चकतीची जागा पुढे पेन ड्राइव्हने घेतली, आणि तो ज्या यूएसबी खाचेत बसतो तिच्या जनकांत तेव्हा इंटेलमध्ये असलेल्या अजय भट्ट यांचे नाव अग्रभागी आहे. भारत सरकारच्या सी-डॅकनेही २००७ साली ‘बॉस’ या नावाने डेबियन या लिनक्सच्या पायावर उभारलेली एक कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. मात्र नवख्याने आरंभ करावा तो उबंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारांपासून, असे माझे मत आहे, आणि यंत्र फारच जुने असेल तर मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्यावी. मिंटला किमान दोन जीबी रॅम चालते. चार असल्यास सुखाने चालते.

आता कृती. मिंटची आयएसओ नावाची फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. अकोले किंवा पाथर्डी तालुक्यातील एखाद्या वस्तीवर मोबाइलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबीत आटोपतो, तेथे ती महाविद्यालयातील किंवा नगरातील स्नेह्याकडून आणवावी. या कार्यप्रणालींचे परवाने प्रत काढून दुसऱ्यास देण्याची उघड मुभा देतात, सबब त्यात चोरी नाही. फाइल कोणाच्याही हातून आली तरी तिची शा-२५६ ही चौसष्ट अक्षरांची खूण संकेतस्थळावर दिलेल्या खुणेशी ताडून पाहावी. एक बिट जरी बदलला असेल तरी ही खूण सर्वस्वी निराळी येते.

फाइल नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी केली तर काहीच घडत नाही, आणि नवशिक्यांची पहिली निराशा येथेच होते. आयएसओ हा एका संपूर्ण चकतीचा ठसा असतो. तो उलगडून पेन ड्राइव्हवर अशा रीतीने उमटवावा लागतो, की यूईएफआयला कारभाऱ्याची सही योग्य त्या जागी सापडावी. हे काम रुफस किंवा बलेना एचर हे मोफत कार्यक्रम करतात: फाइल निवडावी, पेन ड्राइव्ह निवडावा, आरंभाचे बटण दाबावे. पेन ड्राइव्हवर पूर्वी जे असेल, लग्नाची छायाचित्रे असोत वा सोसायटीचा ताळेबंद, ते यात कायमचे पुसले जाते. आणि यादीत पेन ड्राइव्हऐवजी घरातली बाहेरची हार्ड डिस्क निवडली, तर तिचीही तीच गत होते. म्हणून त्या वेळी यंत्राला दुसरे काहीच जोडलेले नसावे.

नंतर संगणक पुन्हा सुरू करून, कंपनीचे बोधचिन्ह दिसताच डेल व लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९ ही कळ दाबत राहिल्यास साधनांची यादी येते, तीतून पेन ड्राइव्ह निवडावा. उबंटू व फेडोरा या लिनक्स-प्रकारांच्या आरंभ-कार्यक्रमावर मायक्रोसॉफ्टचीच सही असल्यामुळे, सही नसलेल्याला अडविणारा सिक्युअर बूट हा पहारा सहसा उठवावा लागत नाही. तो उठविणे भागच पडले, तर आधी विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून घ्यावी. नाही तर परतलेली विंडोज आपल्याच घरमालकाकडे दाखला मागते.

पडदा उजळला, रंग आवडले, इंटरनेट लागले, म्हणजे परीक्षा झाली असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती तेथे सुरू होते, आणि मराठी माणसाच्या बाबतीत ती मराठीपासूनच सुरू व्हावी. नगरच्या छापखान्यांत आणि जुन्या दप्तरांत मराठी मजकुराचा जो प्रचंड साठा आहे, त्यातील बराच युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेताच्या पूर्वीच्या पद्धतीचा, पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीसारख्या साधनांनी टंकलेला आहे. त्या पद्धतीत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेली असत. फॉन्ट हजर असेपर्यंत मजकूर सुरेख दिसे, आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याच लग्नपत्रिकेचा रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अगम्य चिवडा होई. पाहुण्या कार्यप्रणालीत अशी फाइल उघडली की हाच चिवडा दिसतो, आणि दोष तिच्या माथी मारला जातो. खरा उपाय, म्हणजे तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे, विंडोजवर राहूनही कधी तरी करावाच लागणार आहे.

युनिकोड मजकुराची स्थिती मात्र उत्तम आहे. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित देवनागरी हा फॉन्ट, ज्याची निगा पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ राखली, बहुतेक लिनक्समध्ये आयता असतो किंवा मागाहून घालता येतो. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक सेटिंगमधून जोडता येतात. कसोटी म्हणून ‘वऱ्हाडी’ हा शब्द टंकून पाहावा. त्यातील ऱ्ह जेथे नीट उमटतो, आणि ल व श हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात, तेथे मराठीची सोय जाणत्या माणसाने केली आहे असे समजावे.

त्यानंतर आपले छापयंत्र, आपला स्कॅनर, आपली रोजची एक्सेल फाइल. १९८० च्या दशकात याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या कचेरीत जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कारभाराची जी फेरमांडणी केली आणि जी पुढे ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली, तीत मोठा वाटा कपाटांतील जुन्या गठ्ठ्यांची वर्गवारी करून दप्तर मोकळे करण्याचा होता. नव्या कार्यप्रणालीची पारखही अशीच, आपल्या टेबलावरच्या जिनसांपासून, व्हावी. एक्सेलच्या जागी येणारे लिब्रेऑफिस साधे तक्ते निर्वेध उघडते, पण मॅक्रो भरलेल्या ताळेबंदापुढे अडखळते. आणि आपले सरकार सेवा केंद्र चालविणाऱ्याने डिजिटल सहीची चावी व बोटांचे ठसे घेणारे यंत्र चालते की नाही हे पाहिल्यावाचून पुढे पाऊल टाकूच नये, कारण या साधनांचे चालक-कार्यक्रम पुष्कळदा केवळ विंडोजसाठीच लिहिलेले असतात. पेन ड्राइव्हवरून सारेच मंद चालते, त्यावरून वेगाचा निवाडा करू नये. मात्र वाय-फाय, आवाज आणि पडदा यांविषयी जे दिसेल ते विश्वसनीय समजावे. पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असे एक चित्र असते. त्याला मात्र या चाचणीच्या काळात हात लावू नये, परकायाप्रवेशाचा गृहप्रवेश होतो तो तेथेच.

पाहुणा मागे काहीच ठेवून जात नाही, या विधानाला एक अपवाद आहे. यंत्रातील बॅटरीवर चालणारे घड्याळ विंडोज भारतीय वेळेचे मानते, लिनक्स ग्रिनिचच्या. इंटरनेटवरून वेळ जुळवून ती त्या घड्याळात लिहून लिनक्स निघून गेली, की विंडोज साडेपाच तास मागे पडते आणि सकाळी साडेदहाला उघडलेल्या पतसंस्थेत पडद्याच्या कोपऱ्यात पहाटेचे पाच वाजलेले दिसतात. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबले की ते ताळ्यावर येते; मात्र त्यापूर्वी कोणाची पावती फाडू नये.