लव, ब्लेड आणि लोकलज्जा

१९८६ सालची गोष्ट. परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि घरी स्थळे येऊ लागली होती. पहिल्याच ‘दाखवण्याच्या कार्यक्रमात’ पोह्यांच्या बशा देऊन मी खाली मान घालून बसले. मुलाच्या आत्याबाईंनी चष्मा सावरून मला न्याहाळले आणि शेजारच्या बाईंना, मला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणाल्या, “नाकीडोळी बरी आहे, पण मिसरूड फुटलंय की हो!” आठ दिवसांनी नकाराचे पोस्टकार्ड आले. पत्रिका जुळत नाही, असे कारण होते. पत्रिका त्यांनी आधीच पाहिलेली होती.

आईने ती गोष्ट फार मनाला लावून घेतली. आमच्या गावात तेव्हा एकच ब्युटी पार्लर होते, तेही एका बाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत. साखर आणि लिंबाचा पाक करून त्या वॅक्सिंग करीत. त्या दिवशी पाक जास्त तापला होता. पट्टी ओढताच वरच्या ओठावरची साल निघाली. लव गेली आणि काळा डाग आला. तो जायला दीड वर्ष लागले. त्यानंतरच्या स्थळांना आई ‘तापाचे फोड आले होते’ असे सांगत असे.

लग्न झाले, पण लव काही गेली नाही. मग मी न्हाणीघरात दार लावून यजमानांच्या रेझरने ती काढू लागले. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. यजमान मात्र वैतागले. ब्लेड दोनच दिवसांत बोथट होते म्हणून ते दुकानदाराशी भांडून आले, ‘डुप्लिकेट माल विकतोस’ म्हणून. बिचाऱ्या दुकानदाराने नवे पाकीट फुकट दिले! खरी गोष्ट मी त्यांना बऱ्याच वर्षांनी सांगितली. रुग्णालयात मी रोज लोकांना बजावीत असे, की दुसऱ्याचे ब्लेड वापरू नका, त्यातून ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ पसरू शकते. घरी मात्र मी तेच करीत होते. शरमेपुढे शिक्षणाचे काही चालत नाही.

आता थोडे शास्त्र. आपल्या अंगावर केसांची सुमारे पन्नास लाख मुळे असतात. ती जन्माच्या आधीच तयार झालेली असतात आणि त्यांच्या संख्येत स्त्री-पुरुषांत फारसा फरक नसतो. बाईच्या गालावरही पुरुषाइतकीच मुळे असतात, फक्त त्यांतून बारीक, फिकी लव येते. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरके वाढतात आणि काही ठिकाणची लव जाड, काळी होते. ही संप्रेरके बायकांच्या शरीरातही असतात. कुणाची मुळे त्यांना अधिक दाद देतात, कुणाची कमी. पुष्कळदा ही गोष्ट आईकडून, आजीकडून आलेली असते. माझ्या आजीच्या ओठावरही लव होती. नऊवारीचा पदर डोक्यावर घेतलेल्या त्या बाईला त्यावरून कुणी काही म्हटल्याचे मला आठवत नाही.

‘ब्लेड लावले की केस दाट येतात’ ही समजूत घरोघरी आहे. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी काही पुरुषांच्या दाढीचे केस मोजून पाहिले. दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असे त्यांना आढळले. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकेच. खास बायकांसाठी जिलेट कंपनीने पहिला रेझर आणला तो १९१५ साली. बिनबाह्यांच्या पोशाखांची फॅशन आली आणि बायकांच्या काखेतले केस जाहिरातींचा विषय झाले. आपल्याकडे उटणे आणि डाळीचे पीठ पूर्वीपासून होतेच. बाळाच्या अंगावर पिठाचा गोळा फिरवून लव काढायचीही रीत होती. ती जन्माची लव आपोआप गळते, गोळ्याने नाजूक कातडी मात्र लाल होते.

रुग्णालयात आम्ही तरी वेगळे काय करीत होतो? शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाचे पोट ब्लेडने ‘साफ’ करणे हे माझे रोजचे काम होते. प्रसूतीसाठी आलेल्या बाईला तर कळा चालू असतानाही ब्लेड लावीत. ती लाजेने भिंतीकडे तोंड करी. ‘स्वच्छता’ म्हणून आम्ही ते शिकलो होतो. पुढे कळले ते उलटेच. ब्लेडने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांतून जंतूंना वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत. २०१६ साली शस्त्रक्रियेबाबतही सांगितले, की केस काढू नयेत आणि अगदी गरज असेल तर क्लिपरने कापावेत, ब्लेड वापरू नये. किती बायांना मी विनाकारण ओरखडले, याचा हिशेब आता कोण करणार?

पण हे सगळे लिहायला बसले ते भावाच्या मुलीमुळे. २०१९ साली ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. हनुवटीवर आणि गालांच्या कडेला केस येऊ लागले. मैत्रिणी काहीबाही बोलल्या. ती तोंडाला स्कार्फ बांधून जाऊ लागली, मग जाईनाशीच झाली. केस काढायचे क्रीम दोन-दोन दिवसांनी लावून हनुवटी सोलवटली होती. ही क्रीमे केसातले केराटिन विरघळवतात आणि केराटिन कातडीतही असते. भावजय म्हणाली, “वन्सं, लेझरला किती खर्च येतो हो? पुढच्या वर्षी स्थळं बघायचीत.”

मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “पाळी कधी आली होती?” चार महिने झाले होते. त्याआधीही तीन-तीन महिन्यांनी येत होती. वजन वर्षात अकरा किलो वाढले होते. रक्त तपासले तेव्हा साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. पीसीओएस हे निदान झाले. यात अंडाशयाचे काम बिघडते आणि अँड्रोजन वाढतात. पाळी लांबत राहिली तर गर्भाशयाच्या अस्तरालाही धोका पोहोचू शकतो. आम्ही सगळे, मी परिचारिका असूनही, तिच्या हनुवटीकडेच पाहत होतो. पाळीचे कुणी विचारले नव्हते.

म्हणून मैत्रिणींनो, केसांबरोबर पाळी लांबत असेल, तर पार्लरच्या आधी दवाखाना गाठा. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या बाजूने टक्कल पडू लागले, तर एक दिवसही थांबू नका. क्वचित त्यामागे गाठ असते. औषधांचा केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. लेझर करायचेच असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे करा. आपल्या सावळ्या कातडीला चुकीच्या हाताने चटके बसतात.

२०२४ साली उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो छापून आला. लोकांनी गुण बाजूला ठेवले आणि तिच्या ओठावरची लव पाहिली. माझ्या त्या आत्याबाई एका खोलीत बोलल्या होत्या, या मुलीला सारा देश बोलला.

भाची आता नोकरी करते. साखर ताब्यात आहे, पाळी नियमित आहे. कधी ती दोरा करून घेते, कधी महिनाभर करत नाही. स्थळे येतात तेव्हा ती पीसीओएसचे स्वतःच सांगते. त्यावरून दोन नकार आले. पोस्टकार्डापेक्षा ते बरे, निदान खरे कारण तरी कळते.

गेल्या दिवाळीत आरशासमोर ती माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, “आत्या, तुझ्या हनुवटीवर एक पांढरा आलाय. चिमटा आणू?”

पांढऱ्या केसाला लेझरही लागू पडत नाही. मी म्हटले, “राहू दे. आधी करंज्या तळून घेऊ.”