नदीतील गाळ आणि जड धातूंची गतिशीलता : मांडवी-झुआरीच्या संदर्भात

नदीप्रदूषणाचा विचार करताना आपले लक्ष प्रामुख्याने पाण्याकडे जाते. वस्तुतः शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांसारख्या जड धातूंचा मोठा अंश चिकणमातीच्या कणांना, सेंद्रिय द्रव्याला किंवा लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना चिकटून तळाशी बसतो. मात्र तळाशी बसलेला धातू तेथेच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

गोव्यातील मांडवी व झुआरी या नद्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अंतर्भागातील खाणींचे लोहखनिज अनेक दशके बार्जमधून याच नद्यांच्या मार्गे मुरगाव बंदराकडे जात असे. सांडलेले खनिज आणि पावसाबरोबर वाहून आलेली खाणमाती यांमुळे गाळात लोह व मँगनीज यांची भर पडली. २०१२ मध्ये आणि नंतर २०१८ मध्ये खाणकाम थांबले. परंतु तेवढ्याने साचलेला गाळ निर्धोक झाला, असे म्हणता येणार नाही.

लोहाचे ऑक्साइड स्वतः फारसे विषारी नसते. पण ते इतर धातूंना धरून ठेवते. गाळात थोडे खोल गेले की ऑक्सिजन संपतो. तेथील जिवाणू श्वसनासाठी प्रथम मँगनीजचे व पुढे लोहाचे ऑक्साइड वापरतात. यजमानच विरघळल्यावर त्याला चिकटलेले धातू मोकळे होतात. त्यांपैकी काही सल्फाइडरूपाने पुन्हा अडकतात खरे. तथापि गाळ उपसला की सल्फाइडांचे ऑक्सिडीकरण होऊन तेही सुटू शकतात. नदीमुखाशी खाऱ्या पाण्यातील क्लोराइड कॅडमियमला विद्राव्य ठेवते. याच गाळात खुबे आणि तिसऱ्या वाढतात, व त्या लोकांच्या ताटात येतात.

म्हणून गाळात एकूण शिसे किती, यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. टेसिए व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सुचविलेल्या क्रमवार निष्कर्षणात धातूचे पाच अंश वेगळे केले जातात : विनिमयक्षम, कार्बोनेटबद्ध, लोह-मँगनीज ऑक्साइडबद्ध, सेंद्रिय द्रव्य व सल्फाइड यांच्याशी बद्ध आणि खनिजांच्या स्फटिकात बंदिस्त अवशिष्ट. पहिला अंश क्षारतेतील बदलानेही सुटतो. शेवटचा सहसा सुटत नाही. हे अंश अभिकर्मकांवर अवलंबून असतात, त्यांना काटेकोर रासायनिक संयुगे समजू नये, हा आक्षेप रास्तच आहे.

आपल्याकडील विद्यार्थी-प्रकल्पांत बहुधा नमुना भट्टीत वाळवून, तीव्र आम्लात पचवून एकूण प्रमाण नोंदविले जाते. ऑक्सिजनविरहित थरातील गाळ हवेत वाळवताच त्यातील धातूंची रूपे बदलतात. तेव्हा गतिशीलतेच्या अभ्यासासाठी असा नमुना ओलाच, नायट्रोजनच्या वातावरणात हाताळावा लागतो.