पेरुवियन हॉटेलात जेवायला जाताना काय मागवायचं, काय विचारायचं?

सहावीच्या वर्गात दक्षिण अमेरिकेचा नकाशा लावला की 'पेरू' या नावावर वर्ग हसतोच. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, तिथे अमरूद पिकतात का?" मग आम्ही सांगतो की फळाच्या नावाचा देशाच्या नावाशी संबंध नाही. मराठीतला 'पेरू' आला पोर्तुगीज 'पेरा'वरून, म्हणजे नाशपती. गंमत म्हणजे फारसीत 'अमरूद'चा अर्थही नाशपतीच. एवढं सांगून आम्ही पुढच्या देशाकडे वळायचो.

गेल्या वर्षी आमच्या भाचीचा मुंबईहून फोन आला. ती बीकेसीतल्या एका कंपनीत नोकरी करते. "मामू, ऑफिसचे सगळे पेरुवियन हॉटेलात जेवायला चाललेत. मेनू मोबाइलवर बघितला, एक शब्द कळत नाही. काय खाऊ? दर वेळी पोट बिघडलंय सांगते आणि फ्रेंच फ्राइज खाऊन उठते. आता सगळे हसायला लागलेत."

तिच्या अम्मीने सरळ सांगून टाकलं, "नको जाऊस." सांगायला सोपंच आहे ते. पण अशाच जेवणात ओळखी होतात, वरिष्ठ बाजूला बसून बोलतात, पुढचं चांगलं काम कुणाला द्यायचं हे निम्मं तिथेच ठरतं. कायम काहीतरी बहाणा करणारी मुलगी हळूहळू मागे पडते. दुसरीकडे, न विचारता समोर येईल ते खाणं हेही आपल्याला मान्य नाही. म्हणून आम्ही थोडं वाचलं, हॉटेलात काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला विचारलं, आणि एका रविवारी पंचवटी एक्स्प्रेस पकडून, तिच्या ऑफिसच्या जेवणाच्या आधीच, तिला घेऊन स्वतः जाऊन आलो. जे कळलं ते इथे देत आहोत. नाशिकची बरीच मुलं-मुली आता मुंबई-पुण्यात नोकरीला आहेत, त्यांना उपयोग होईल.

मुंबईत निव्वळ पेरूचं जेवण देणारी ठिकाणं मोजकीच आहेत. बांद्रा-कुर्ला संकुलात शेफ अतुल कोचर यांनी 'लिमा' नावाने लॅटिन अमेरिकन धर्तीचं ठिकाण काढलं होतं. लोअर परळच्या सेंट रेजिस हॉटेलातलं 'कोइशी' जपानी-पेरुवियन पद्धतीचं आहे. याशिवाय अनेक मोठ्या हॉटेलांच्या मेनूवर पेरूचे दोन-चार पदार्थ दिसू लागलेत. त्याला कारणही आहे. लिमा शहरातलं 'सेंट्रल' हे रेस्टॉरंट २०२३ मध्ये आणि त्याच शहरातलं 'मायदो' २०२५ मध्ये जगातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. त्यामुळे जगभरचे शेफ सध्या तिकडे बघून स्वयंपाक करतात.

हे जेवण वाटतं तेवढं परकं नाही. बटाटा मुळात तिकडचाच, अँडीज पर्वतातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी पिकवायला घेतला. लिमामध्ये १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, तिथे बटाट्याचे हजारो वाण जपून ठेवलेत. आपली मिरचीही अमेरिका खंडातूनच पोर्तुगीजांबरोबर आली. त्यांनी दिलेल्या वस्तू आपण रोज खातो, आणि आपल्या बाजूच्या काही गोष्टी उलट तिकडे गेल्यात. स्पेनवर अरबांचं राज्य काही शतकं होतं. तिथून लिंबू, तांदूळ, साखर आणि त्यांची नावंही स्पॅनिश भाषेत शिरली आणि पुढे स्पॅनिश लोकांबरोबर पेरूत पोहोचली. 'अल्फाहोर' नावाची तिकडची दुधाच्या घट्ट गोड पाकाची बिस्किटं आहेत, त्यांचं नाव अरबीच आहे. 'सेविचे' हा शब्दसुद्धा काही अभ्यासक फारसी-अरबी 'सिकबाज'पर्यंत नेतात, म्हणजे सिरक्यात शिजवलेला सालन. सगळ्यांना हे मान्य नाही, पण उर्दू जाणणाऱ्याला 'सिरका' ऐकू येतोच.

सेविचे हाच त्यांचा सर्वांत नावाजलेला पदार्थ. कच्च्या माशाचे तुकडे, लिंबाचा रस, मीठ, मिरची, कोथिंबीर आणि बारीक चिरलेला लाल कांदा. सोबत रताळं आणि मक्याचे मोठे दाणे. २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचेच्या परंपरेला वारसा यादीत घेतलं. त्यातून निघणाऱ्या आंबट-तिखट रसाला 'लेचे दे तिग्रे' म्हणजे वाघाचं दूध म्हणतात. नावावर जाऊ नका, वाघ नाही आणि दूधही नाही.

मासा हलालच आहे, त्यामुळे धर्माच्या बाजूने सेविचे बहुतेकदा निर्धास्त असतो. फक्त त्यात कोळंबी, माकुल, ऑक्टोपस मिसळलेले असू शकतात. आपल्या नाशिककडे बहुतेक घरं हनफी आहेत. कोळंबीबद्दल हनफी उलमांमध्ये मतभेद आहेत, ऑक्टोपस-माकुल ते चालवत नाहीत. कोकणातले आपले शाफई नातेवाईक मात्र हे सगळं बिनधास्त खातात. एकाच टेबलावर दोन्हीकडचे लोक असतील तर 'फक्त मासा' असं सांगून मागवावं.

खरी काळजी तब्येतीची आहे. लिंबाने मासा पांढरा, घट्ट होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण तो शिजलेला नसतो. लिंबाने सगळे जंतू मरत नाहीत, जंत तर नाहीतच. त्यासाठी मासा आधी उणे २० अंशावर सात दिवस गोठवावा लागतो. १९९१ मध्ये पेरूत कॉलऱ्याची भयंकर साथ आली, तीन लाखांवर लोक आजारी पडले, आणि कच्च्या माशाकडेही बोट दाखवलं गेलं. मच्छिमारांचा धंदा बसू नये म्हणून राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी लोकांसमोर सेविचे खाऊन दाखवला होता. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं यांनी तो टाळावा. आमच्या घरच्यांनी एक घास चाखला आणि ताट आमच्याकडे सरकवलं.

आता दारूचा प्रश्न. पेयांमध्ये ती ओळखता येते. 'पिस्को' ही द्राक्षाची दारू, आणि 'पिस्को सावर' त्याचंच सरबत. नाशिककरांना द्राक्षाचं वेगळं सांगायला नको. पेरू आज द्राक्ष निर्यातीत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे आणि युरोपच्या बाजारात आपल्या निफाड-दिंडोरीच्या मालाच्या जरा आधी त्यांचा माल पोहोचतो. 'चिचा' हा शब्द मात्र फसवा. 'चिचा मोरादा' म्हणजे जांभळा मका, अननसाची साल, दालचिनी, लवंग उकळून केलेलं सरबत, त्यात दारू नाही, आणि चवही छान. 'चिचा दे होरा' म्हणजे आंबवलेली मक्याची दारू. नाव पूर्ण वाचा.

पदार्थांत लपलेली दारू हीच जास्त फसवते. भाताचा हिरवागार 'अर्रोस कोन पोयो' कोथिंबिरीचा असतो, पण त्यात बिअर घालायची पद्धत आहे. 'सेको' नावाच्या मटणाच्या सालनात बिअर किंवा चिचा दे होरा पडते. भाजलेली कोंबडी, 'पोयो आ ला ब्रासा', तिच्या मसाल्यातही बऱ्याचदा काळी बिअर. जपानी-पेरुवियन जेवणात 'मिरिन' आणि 'साके' सॉसमध्ये असतात, दोन्ही तांदळाच्या दारू. आणि ज्याच्यावर कुणाचाही संशय जात नाही ती मिठाई, 'सुस्पिरो लिमेन्यो': दुधाची रबडी आणि वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. त्या फेसात पोर्ट वाइन असते.

"शिजवताना उडून जाते" हे वेटर हमखास सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटं शिजवली तरी सुमारे ४० टक्के दारू उरते, एक तास शिजवल्यावर २५ टक्के, आणि वर ओतून पेटवली तर तब्बल ७५ टक्के. सिरक्याचा मसला वेगळा आहे, त्यावर फिकहमध्ये सविस्तर चर्चा आहे. आम्ही शिक्षक, मुफ्ती नाही. ते आपल्या आलिमांनाच विचारा.

मांसाचं सांगायचं तर 'चिचारोन' म्हणजे बहुधा डुक्कर, तिथेच थांबायचं. 'आंतिकुचो' म्हणजे सळईवर भाजलेले तुकडे, जिरं-मिरचीचा मसाला, अगदी आपल्या सीख बोटीसारखे. मूळ पदार्थ गाईच्या काळजाचा म्हणजे हृदयाचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाल्याने इथे म्हशीचं, चिकनचं किंवा मशरूमचं असू शकतं. 'टेंडरलॉइन' एवढंच लिहिलं असेल तर कुठल्या जनावराचं हे विचारायचं. चिकन-मटण हलाल आहे का, पुरवठादार कोण, पाकिटावर शिक्का आहे का, हेही. आणि एक प्रश्न लोक विसरतात: डुक्कर आणि चिकन एकाच जाळीवर भाजता का, एकाच तेलात तळता का?

हे सगळं टेबलावर, दहा सहकाऱ्यांसमोर विचारायची गरज नाही. आदल्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमारास, गर्दी नसताना, फोन करायचा. मॅनेजरशी नाही, शेफशी बोलायचं. 'हलाल आहे का' एवढंच विचारलं तर पलीकडचा माणूस घाईत 'हो' म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी एकेका पदार्थाचं नाव घेऊन 'यात काय काय घालता' असं विचारायचं. आम्ही गेलो तिथे वेटरने मिठाईत दारू नाही असं खात्रीने सांगितलं, भाचीने तरीही शेफला विचारायला लावलं, आणि शेफ स्वतः बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, ही नका घेऊ, पोर्ट आहे. तुम्हाला पिकारोनेस देतो." पिकारोनेस म्हणजे भोपळा आणि रताळ्याच्या पिठाचे तळलेले कडे, वर गुळाचा पाक. गुळाचाच, त्याला तिकडे 'चान्काका' म्हणतात.

काहीच खात्री पटली नाही तर 'पापा आ ला वांकाइना' मागवा. उकडलेला बटाटा, वर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा सॉस. 'काउसा'ही बटाट्याचाच थर लावलेला थंड पदार्थ, आत काय भरलंय तेवढं विचारा. चिनी मजुरांच्या वारसांनी रुजवलेला 'अर्रोस चाउफा' म्हणजे आपला फ्राइड राइस, चिकनची खात्री नसेल तर भाज्यांचा मिळतो.

खर्च नाशिकच्या हिशेबाने जबर आहे, पंचतारांकित हॉटेलात तर वर १८ टक्के जीएसटी, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. सर्व्हिस चार्ज देणं मात्र ऐच्छिक आहे, तो बिलातून काढायला सांगता येतो. बिल भाचीने भरलं, आम्हाला बघूही दिलं नाही.

ऑफिसच्या जेवणाला ती गेली. आदल्या दिवशी फोन करून शेफशी बोलून ठेवलं होतं. मासा, वांकाइना बटाटा आणि चिचा मोरादा घेतला, आणि शेजारी बसलेल्या एका सहकाऱ्याने, जो शाकाहारी आहे, तिच्याकडे बघून तोच बटाटा मागवला. आमच्या घरी या रमजानमध्ये दोनदा पिकारोनेस झाले. लाल भोपळा आणि रताळं समप्रमाणात उकडून, मैदा, चिमूटभर यीस्ट, बडीशेप. पीठ दोन तास फुगू द्यायचं, हात ओले करून कडं वळायचं आणि तेलात सोडायचं. पाकात गूळ, दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल.