गाजरगवताची ॲलर्जी : त्वचारोगाचे निदान कसे होते?



पावसाळा सुरू झाला की जुन्नर-आंबेगाव भागात बांधावर, कालव्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणालगत बारीक पांढऱ्या फुलांचं गवत माजतं. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी त्याची नावं. श्रमदानात मुलं ते हातानेच उपटतात. बहुतेकांना काही होत नाही. पण थोड्या जणांना त्यातून जो त्वचारोग जडतो, तो पुष्कळदा वर्षानुवर्षे ओळखूच येत नाही.

पुण्याशी नातं

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. भारतातली तिची नोंद १९५६ साली राव यांनी प्रसिद्ध केली, ती पुण्यातूनच. पुढे १९६८ मध्ये लोणकर आणि जोग यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाचा रुग्ण नोंदवला. म्हणजे हा आजार आपल्या जिल्ह्याला नवा नाही.

आजार होतो कसा?

गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. वाळलेल्या पानांची, फुलांची धूळ वाऱ्याने अंगावर बसते. वारंवार संपर्क आल्यावर काहींच्या शरीरातल्या पेशी या रसायनाला शत्रू म्हणून लक्षात ठेवतात. त्यानंतर थोडी धूळही पुरते. म्हणून "दहा वर्षं याच रानात काम केलं, तेव्हा कसं काही झालं नाही?" हा प्रश्न बरोबर असला, तरी त्यावरून ॲलर्जी नाही असं ठरत नाही.

डॉक्टर काय पाहतात?

१) जागा : चेहरा, मान, कोपराची घडी, म्हणजे उघडं अंग. नुसत्या उन्हाच्या त्रासात वरच्या पापण्या, कानामागचा भाग, हनुवटीखालची सावलीतली जागा सहसा वाचते. धूळ मात्र तिथेही पोचते. दोन्हींतला मोठा फरक हाच. जुन्या दुखण्यात मात्र दोन्ही त्रास मिसळलेले असू शकतात.

२) वेळ : गवत वाढतं, फुलतं तेव्हा त्रास वाढतो का? परगावी गेल्यावर कमी होतो का?

३) इतर शक्यता : खरजेत खाज रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यात पुरळ, घरात इतरांनाही त्रास. गजकर्णात कडा उठलेले गोल चट्टे. खरवडलेला कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी दिसते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी असते आणि सहसा खाज नसते. मुलाच्या अंगावर असा बधिर चट्टा दिसला तर लगेच सरकारी दवाखान्यात पाठवा. तिथे उपचार मोफत आहेत.

४) पॅच टेस्ट : संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. प्रतिक्रिया उशिरा येते, म्हणून दोनदा पाहायचं. तोवर पाठ ओली करायची नाही. घरी पान चोळून ही परीक्षा करू नका.

चुकीचा उपाय महाग पडतो

मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेलं स्टेरॉइडचं मलम दोन दिवस बरं वाटवतं. पण मूळ दुखणं गजकर्ण असेल तर बुरशी आतल्या आत वाढते, चट्ट्याचं रूप बदलतं आणि मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. दुसरीकडे, ही ॲलर्जी संसर्गजन्य नाही हे माहीत नसल्याने घरात ताट-टॉवेल वेगळे होतात, वर्गात पोरगं एकटं बसतं. शेतकऱ्याच्या बाबतीत तर प्रश्न रोजच्या कामाचाच असतो, कारण ज्या रानावर घर चालतं तिथेच त्रास होतो.

शाळेत एवढं करूया

गवत फुलं येण्याआधी काढावं. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाका-तोंडावर रुमाल, नंतर साबणाने अंग धुणं आणि कपडे बदलणं. ज्याला त्वचेचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्या मुलाला दुसरं काम द्यावं. आणि दवाखान्यात जाताना पुरळाचे फोटो, तारखा, लावलेल्या मलमांच्या ट्यूब सोबत न्याव्यात. निदानाचं अर्धं काम तिथेच होतं.