फॉर्म्युला वनमध्ये १७ नंबर कुणालाच का मिळत नाही?

फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून प्रत्येक ड्रायव्हर आपला नंबर स्वतः निवडतो. २ ते ९९ मधला जो मोकळा असेल तो घ्यायचा. पण १७ मागितला तर मिळत नाही. तो नंबर ज्यूल्स बियांकी या फ्रेंच ड्रायव्हरचा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये जपानच्या सुझुका ट्रॅकवर त्याचा अपघात झाला. नऊ महिने तो शुद्धीवर आला नाही आणि १७ जुलै २०१५ ला गेला. त्यानंतर काही दिवसांतच एफआयएने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, १७ नंबर कायमचा बंद केला.

गेलेल्या ड्रायव्हरचा मान राखायची ही एक पद्धत. आणखीही आहेत. १९९४ मध्ये इटलीतल्या इमोलाला ३० एप्रिलला रोलंड रात्झेनबर्गर गेला आणि दुसऱ्याच दिवशी आयर्टन सेना. त्यानंतरच्या मोनॅको रेसमध्ये पहिल्या रांगेतल्या दोन्ही जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. तिथे रस्त्यावर ब्राझील आणि ऑस्ट्रियाचे झेंडे रंगवले होते.

पण या खेळात एक वेगळं स्मारकही आहे. ते थेट गाडीवरच बसवलेलं असतं. कसं ते बघूया.

हान्स : मानेचा रखवालदार

एसटीने कचकन ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. रेसिंग कारमध्ये पट्ट्यांमुळे धड जागेवर राहतं, पण डोकं हेल्मेटसकट पुढे जातच राहतं. सगळा झटका मानेवर आणि कवटीच्या तळाशी बसतो. रात्झेनबर्गरच्या जिवावर बेतली ती अशीच इजा.

यावरचा उपाय तेव्हा तयार होता! १९८१ मध्ये अमेरिकन रेसर जिम डाउनिंगचा एक मित्र अपघातात गेला. डाउनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड हा शरीरावर बसणाऱ्या धक्क्यांचा अभ्यास करणारा प्राध्यापक होता. दोघांनी मिळून खांद्यांवर बसणारी एक कडक कॉलर बनवली. ती पट्ट्यांखाली दाबली जाते आणि दोन छोट्या दोऱ्यांनी हेल्मेटला जोडली जाते. डोकं पुढे जायला लागलं की दोऱ्या त्याला धरून ठेवतात.

बरीच वर्षं अनेक ड्रायव्हर्सना ती अडचणीची वाटली. मग फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेचा लाडका ड्रायव्हर डेल अर्नहार्ट डेटोनाच्या रेसमध्ये गेला. त्याच वर्षी नॅसकारने डोकं-मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनने २००३ मध्ये हान्स सक्तीचं केलं.

व्हर्च्युअल सेफ्टी कार : बियांकीनंतरचा बदल

सुझुकाला पाऊस होता. आधी घसरलेली एक गाडी उचलायला ट्रॅक्टर आला होता. तिथे दोन पिवळे झेंडे दाखवत होते, म्हणजे वेग चांगलाच कमी करा. पण किती कमी करायचा, हे ड्रायव्हरच्या अंदाजावर होतं. बियांकीची गाडी तिथेच घसरली आणि ट्रॅक्टरवर आदळली.

२०१५ पासून हा अंदाज काढून टाकला गेला. धोका दिसला की कंट्रोल रूम व्हर्च्युअल सेफ्टी कार सुरू करते. प्रत्येकाच्या स्टिअरिंगवरच्या स्क्रीनवर एक आकडा दिसतो. ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर पुढे गेलात तर शिक्षा! त्यामुळे सगळ्या गाड्या एकदमच मंदावतात.

हेलो : ‘चपलेचा अंगठा’

२००९ मध्ये इंग्लंडमधल्या एका फॉर्म्युला टू रेसमध्ये दुसऱ्या गाडीचं निखळलेलं चाक १८ वर्षांच्या हेन्री सर्टीजच्या डोक्यावर आदळलं. तो वाचला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत जस्टिन विल्सन उडालेला तुकडा लागून गेला. उघड्या कॉकपिटमध्ये डोकं झाकायचं कसं, हा प्रश्न आता टाळता येईना.

उत्तर होतं हेलो. टायटॅनियमची ही कमान साधारण ७ किलोची असते. तीन ठिकाणी ती गाडीला जोडलेली असते, एक खांब पुढे मधोमध आणि दोन टोकं मागे. वरून येणारा सुमारे १२ टनांचा भार तिने पेलायला हवा, अशी तिची चाचणी असते. २०१८ मध्ये ती फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची झाली, तेव्हा ‘गाडीला चपलेचा अंगठा लावलाय’ अशी टिंगल झाली. रोमां ग्रोजांचाही तिला विरोध होता.

त्याच वर्षी बेल्जियममध्ये आलोन्सोची गाडी उडून शार्ल लक्लेरच्या गाडीवरून गेली. हेलोवर चाकाच्या खुणा उमटल्या, लक्लेर सुखरूप राहिला. तो बियांकीचा मानसपुत्र, म्हणजे गॉडसन. आणि २०२० मध्ये बहरीनला खुद्द ग्रोजांची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आग लागली. कठड्याचा पत्रा हेलोने डोक्यापासून दूर ठेवला. अर्ध्या मिनिटाच्या आत तो भाजलेल्या हातांनी बाहेर आला. पुढे त्याने आपला विरोध चुकीचा होता हे मोकळेपणाने सांगितलं.

मग खरा मान कशात?

हेलो असता तरी बियांकी वाचला असता, असं म्हणता येत नाही. ट्रॅक्टरची ती धडक फार मोठी होती. म्हणूनच त्याच्यानंतर बदलला तो वेगाचा नियम. प्रत्येक मृत्यूने वेगळा प्रश्न विचारला आणि कुणीतरी तो टाळला नाही, हे महत्त्वाचं. सेनानंतर २० वर्षं ग्रां प्रीतल्या अपघातात एकही ड्रायव्हर गेला नाही. हे नशिबाने झालेलं नाही. खंत एवढीच, की हान्ससारखा उपाय हाताशी असूनही तो सक्तीचा व्हायला आणखी माणसं जावी लागली.

मैदानावरचं एक मिनिटाचं मौन हवंच. पण मौन संपल्यावर कुणी तरी नकाशे, आकडे आणि तुटलेले भाग घेऊन बसतं, तेव्हा पुढचा ड्रायव्हर घरी परततो. क्रॅशची रील तुमच्या फीडमध्ये येईल तेव्हा धडक झाल्यावर लगेच स्क्रोल करू नका. ड्रायव्हर बाहेर पडेपर्यंत थांबा. त्याच्या मानेभोवतीची कॉलर आणि डोक्यावरची कमान नीट बघा. ती कुणामुळे आली, हे आता तुम्हाला माहीत आहे.