विजापूरच्या दरबारांतील वलंदेज चितारी

सोलापूरच्या दक्षिणेस होटगी हें आगगाडीचें जंक्शन आहे. येथून विजापुरावरून गदगकडे जाणारा फांटा १८८४ सालीं सुरू झाला, आणि भीमा ओलांडून विजापुरास (हल्लींच्या विजयपुरास) जाणारे संशोधक बहुधा होटगीवरूनच जातात. ह्या मुलखाचा आदिलशाहीशीं संबंध जुना. चांदबिबीच्या विवाहांत सोलापूरचा किल्ला आंदण ठरला होता. आम्हांस मात्र प्रस्तुत किल्ल्यांविषयीं नव्हे, तसबिरींविषयीं लिहावयाचें आहे.

फेरिस्ता सांगतो कीं, आदिलशाहीचा मूळपुरुष यूसुफ हा रूमच्या दुसऱ्या मुराद सुलतानाचा पुत्र. १४५१ सालीं महंमद तख्तावर आला तेव्हां भावाच्या हातून होणारा घात टाळण्यासाठीं आईनें गुलामाचा मुलगा पुढें करून यूसुफास एका व्यापाऱ्याच्या हवालीं केलें व तो इराणांत सावा येथें वाढला. फेरिस्ता हा यूसुफाच्याच वंशजाच्या पदरचा बखरकार. धन्याच्या कुळाची थोरवी गाणें त्यास प्राप्तच होतें, म्हणून आम्ही ही कथा इतिहास म्हणून स्वीकारीत नाहीं. परंतु ती खरी धरल्यास, व्हेनिसचा चितारी जेंतीले बेल्लिनी ह्यानें ज्याची तसबीर काढिली तो महंमद सुलतान यूसुफाचा भाऊ ठरतो. तहानंतर व्हेनिसच्या सरकारनें १४७९ सालीं बेल्लिनीस इस्तंबुलास पाठविलें. त्या तसबिरीवर २५ नोव्हेंबर १४८० ही तारीख असून ती लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेच्या संग्रहांत आहे. पुढें बरेंच रंगकाम चढल्यानें मूळचा हात तींत थोडाच उरला आहे.

त्यानंतर तुर्की दरबाराचा छंद यूरोपियन चिताऱ्यांस जडला तो सुटला नाहीं. व्हानमूर १६९९ सालीं फ्रेंच वकिलाबरोबर इस्तंबुलास गेला व मरेपर्यंत, म्हणजे १७३७ पर्यंत, तेथेंच राहिला. त्यानें वकिलांच्या मुलाखती व अधिकाऱ्यांचे पोशाख चितारले. ते पुराव्यास उपयोगी आहेत. उलट फ्रेंच चितारी आंग्र इस्तंबुलास कधींच गेला नाहीं. त्याचें १८६२ चें तुर्की हमामाचें प्रसिद्ध चित्र इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिच्या पत्रांच्या आधारानें काढिलेलें आहे. हमामांत तिला प्रवेश होता. पुरुष चिताऱ्यास नव्हता. असल्या चित्रांत तुर्क थोडा व पॅरिस फार!

दक्षिणेंत ह्याच्या नेमका उलट प्रकार घडला. हार्लेमचा कोर्नेलिस क्लास हेडा हा प्रागला सम्राट दुसरा रुडॉल्फ ह्याच्या चाकरींत होता. इराणच्या शहाकडे जाण्यास तो निघाला, पण तो बेत सिद्धीस गेला नाहीं व १६१० च्या सुमारास गोव्यावरून तो विजापुरास आला. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानें त्यास ठेवून घेतलें. शहानें १५९९ सालीं वसविण्यास आरंभ केलेल्या नौरसपुरांत तो राहिला व १६२२ च्या सुमारास इकडेच वारला. दरबार आंतून पाहणाऱ्या ह्या मनुष्यानें वलंदेज कंपनीच्या माणसांस लिहिलेलीं पत्रें उरलीं आहेत. निर्विवाद त्याचें म्हणतां येईल असें चित्र मात्र एकही उरलेलें नाहीं.

म्हणून विजापुरांत जें जें विलायती वळणाचें दिसेल तें हेडाच्या नांवावर घालण्याचा मोह होतो. आसार महालाच्या भिंतींवरील चित्रें ह्यांत प्रथम येतात. पण ती इमारत महंमद आदिलशहाच्या कारकीर्दींतील, १६४६ च्या सुमाराची. तेव्हां हेडास मरून वीसांहून अधिक वर्षें झालीं होतीं.

संग्राहकांनीं हाच निकष तसबिरींस लावावा. सतराव्या शतकांत यूरोपांत गेलेल्या दक्षिणी पुरुषांच्या बहुतेक तसबिरी एतद्देशीय चिताऱ्यांच्या आहेत. ॲमस्टरडॅमच्या रेक्सम्यूझियममधील विट्सेनचा चित्रसंग्रह, ज्यांत शिवछत्रपतींचीहि तसबीर आहे, तो १६८६ च्या सुमारास गोवळकोंड्यास तयार झाला. त्यांतील ४९ तसबिरी वलंदेज धन्यासाठीं असल्या तरी कलम दक्षिणीच आहे. होटगी, सोलापूर व भीमेच्या दोन्ही कांठच्या घराण्यांत असा जुना कागद असल्यास त्याची पाठ सोलूं नये. तसबीर कोणाची, हें पुष्कळदां तिच्या पाठीवरील ओळींतच सांपडतें.